अक्षरं झाका आणि चित्र बघा: ठाणे जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांना खुलं पत्र

सर्व चित्रकला शिक्षकांना सप्रेम नमस्कार.

मी चित्रकार नाही आणि शिक्षकही नाही. वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं काम करून निवृत्त झालेला माणूस आहे. आधी प्लेटमेकिंगला होतो, मग कलर प्रोसेसिंगला. दुसऱ्यांनी काढलेलं चित्र चार रंगांत फोडायचं आणि ते चार रंग कागदावर पुन्हा नीट एकावर एक बसले की नाही हे भिंगातून बघायचं, यात माझं आयुष्य गेलं. तुम्हाला पत्र लिहिण्याचा अधिकार एवढ्यावरच सांगतो. निमित्त मात्र वेगळं आहे.

यंदा जानेवारीत एका आंतरशालेय पोस्टर स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. हॉलमध्ये सुतळ्या बांधून त्यांवर चिमट्यांनी चित्रं टांगली होती, शंभराच्या वर. पाणी वाचवा, झाडे लावा, प्लास्टिक टाळा, मोबाइलचं व्यसन. मुलांनी मन लावून काम केलं होतं, पोस्टर कलर कुठे सांडला नव्हता, कडा सरळ होत्या. पण तिसऱ्या रांगेपर्यंत आलो आणि लक्षात आलं की मी चित्र बघतच नाहीये, नुसता वाचत चाललोय. अर्ध्याहून अधिक कागद घोषवाक्यानं भरलेला आणि उरलेल्या जागेत रडणारी पृथ्वी किंवा दोन हातांमधलं रोप. मग गुणपत्रिकेचा कोरा कागद प्रत्येक घोषवाक्यावर धरून बघितलं. अक्षरं झाकली की चित्र मुकं व्हायचं. पाणी वाचवायचं की झाडं, हेही कळेना.

एकच चित्र वेगळं होतं. सातवीतल्या एका मुलीनं नळाखाली लावलेली कळशा-हंड्यांची रांग काढली होती. रांग कागदाच्या उजव्या कडेपर्यंत जात होती आणि शेवटची कळशी कडेनं अर्धी कापली गेली होती. म्हणजे रांग कागदाबाहेरही चालूच आहे. माणूस एकही नाही. खालची पट्टी तिनं घोषवाक्यासाठी मोकळी सोडली होती, पण वेळ संपला असावा, पट्टी कोरीच राहिली. नियमात घोषवाक्य अनिवार्य होतं, त्यामुळे त्या चित्राला बक्षीस देता आलं नाही. मीही त्या निकालपत्रावर सही केली. घरी आल्यावर दोन-तीन दिवस ती अर्धी कळशी डोळ्यांसमोरून हलेना.

तेव्हा मला मूकपटांची पोस्टरं आठवली. तुम्हाला जे सांगायचंय ते इतकंच: पोस्टर म्हणजे काय हे मुलांना शिकवायचं असेल, तर सुरुवात तिथून करा. मूकपटाचा चित्रकार आपल्या सातवीतल्या त्या मुलीच्याच बाजूचा आहे. चित्रानं बोललं पाहिजे, हा त्याच्यासाठी शौक नव्हता, त्याचा तो नाइलाज होता.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' मॅजेस्टिकमध्ये बोलू लागला आणि मूकपटांचे दिवस भरले. मधली ही अठरा वर्षं आणि वर आणखी दोन-तीन, कारण मूकपट लगेच थांबले नाहीत. या काळात पडद्यावर मधूनमधून मजकुराच्या पाट्या यायच्या, बऱ्याचदा दोन-तीन लिपींत, आणि थिएटरात वाचता येणारा कुणीतरी त्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. १९२१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती. आता विचार करा, पडद्यावरच्या पाटीसाठी वाचणारा माणूस तरी होता. रस्त्यावरच्या भिंतीजवळ कोण वाचून दाखवणार? टांग्याला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून, पुढे ताशा वाजवत सिनेमाची जाहिरात गावातून फिरायची. टांगा समोरून जाईपर्यंत जेवढा वेळ, तेवढ्यात त्या चित्रानं सांगायचं की आत काय आहे, कोण आहे, आणि तू तिकिटाला पैसे का मोडावेस. हे सगळं अक्षर न वाचणाऱ्या माणसाला.

दुसरी गोष्ट मला छापखान्यातला माणूस म्हणून फार हलवून जाते. मूकपट काळे-पांढरे होते. काही प्रसंगांची फिल्म निळ्या नाहीतर पिवळसर रंगात बुडवून काढत, पण शालूचा लाल, फेट्याचा केशरी, घोड्याचा बदामी असे रंग पडद्यावर नव्हतेच. ते रंग होते फक्त पोस्टरवर. प्रेक्षक भिंतीवर नायिकेचं लुगडं हिरवं बघायचा आणि तो हिरवा डोळ्यांत घेऊन अंधारात जाऊन बसायचा. आत राखाडी दिसणाऱ्या लुगड्याला त्याच्या मनात रंग चढलेला असायचा. सिनेमाचा अर्धा रंग पोस्टरवाल्यानं भरला, असं मी म्हणतो ते याच अर्थानं.

आणि तो रंग कागदावर उतरवणं किती कठीण होतं, ते थोडं सविस्तर सांगू द्या, कारण वर्गात हा भाग मुलांना खूप आवडेल असं मला वाटतं.

दगडावरून छापायच्या या कलेला आपल्याकडे शिळाछाप म्हणत, इंग्रजीत लिथो. ही कला मराठीला जुनी आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळेवरच. शिळा म्हणजे गुळगुळीत घासलेला चुनखडीचा जाड दगड, उत्तम प्रतीचा दगड जर्मनीतल्या बव्हेरियातून यायचा. आलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाला अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी ही युक्ती सापडली. युक्ती म्हणावी तर घरातल्या भांड्याइतकी साधी: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं. मग त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल लावून दगड तयार करायचा. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी राहतं, तेलकट रेषेवर थांबत नाही. वरून तेलाच्या शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषेवर बसते, ओल्या जागेवर बसत नाही. कागद ठेवून दाब दिला की चित्र कागदावर. दगडात कोरीव काम काहीच नाही, बोट फिरवलं तर सगळं सपाट.

आता अडचणी बघा. चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून दगडावर ते आरशातल्यासारखं काढायचं. अक्षरंसुद्धा उलटी. 'कृष्ण' हा शब्द उजवीकडून डावीकडे, काने-मात्रे फिरवून, सफाईनं लिहून बघा म्हणजे त्या कारागिराला हात जोडावेसे वाटतील. शिवाय प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. सहा रंगांचं पोस्टर म्हणजे सहा दगड, आणि तोच कागद सहा वेळा यंत्रातून जाणार. दर वेळी केसभरही न सरकता. आम्ही याला रजिस्टर म्हणतो. रजिस्टर हललं की ओठाचा लाल गालावर जातो. कॉम्प्युटर नाही, फिल्म पॉझिटिव्ह नाही. कारागीर डोळ्यानं ठरवायचा की या चेहऱ्यात पिवळा किती, गुलाबी किती, सावलीत निळा घालायचा का, आणि प्रत्येक रंगाचा वाटा वेगळ्या दगडावर काळ्या खडूनं काढायचा. पूर्ण चेहरा त्याला शेवटचा रंग छापेपर्यंत कुठेच दिसायचा नाही. मी चौतीस वर्षं हेच काम यंत्राच्या मदतीनं केलं, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, मला ते जमलं नसतं.

जुन्या शिळाछाप चित्रावर भिंग धरलं की आजच्या छपाईसारखे एकसारखे रांगेतले ठिपके दिसत नाहीत. खडूचा दाणा दिसतो, कुठे दाट, कुठे विरळ, कुठे हाताचा जोर पडलेला. मुलांच्या हातात भिंग द्या आणि शाळेतल्या एखाद्या आजच्या कॅलेंडरशेजारी जुनं शिळाछाप देवाचं चित्र ठेवा. फरक ती स्वतःच सांगतील.

भारतीय सिनेमाचा पाया घालणारे फाळके याच दगडांच्या वासात वाढले, हे मुलांना आवर्जून सांगा. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. फाळके जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. त्यांनी रविवर्मा छापखान्याचं काम केलं, नंतर स्वतःचा लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभा केला, रंगीत छपाईचं तंत्र बघायला जर्मनीला जाऊन आले. सिनेमाकडे ते वळले ते छापखाना सोडल्यावर. मूकपटात देव-राजे ज्या ऐटीत उभे राहतात, मुकुट, आसन, मागचा खांब, त्याचा उगम शोधायचा तर या रंगीत चित्रांकडे जावं लागतं. जाहिरात कशी करायची हेही छापखान्यातल्या माणसाला ठाऊक असतं. हरिश्चंद्राची त्यांची एक जाहिरात प्रसिद्ध आहे: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं अवघ्या तीन आण्यांत. सिनेमा काय असतो हेच ठाऊक नसलेल्या माणसाला त्यांनी तो मैलांत आणि आण्यांत समजावला.

पण पोस्टरची गोष्ट खरी रंगते ती कोल्हापुरात. बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री, जन्म १८९०. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. नाटकाचा पडदा म्हणजे काय हे जुन्या मंडळींना सांगायला नको: राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं कापडावर, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला सुद्धा खोली जाणवली पाहिजे. आनंदराव १९१६ साली गेले. दोघांनी मिळून बघितलेलं सिनेमाचं स्वप्न बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून पुरं केलं. १९२० साली 'सैरंध्री' आला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. बाबूराव चित्रीकरणाआधी प्रसंगांची आणि पोशाखांची रेखाचित्रं स्वतः काढत. आणि सिनेमा झाला की त्याची पोस्टरंही रंगवत. दिग्दर्शक तोच, चित्रकार तोच. आज कुठे सापडतो असा माणूस?

आता मी तुम्हाला, ठाणे जिल्ह्याच्या शिक्षकांना, का लिहितोय ते सांगतो. भारतीय सिनेमाचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं सचित्र पोस्टर म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते बाबूरावांच्या १९२४ च्या मूकपटाचं आहे, आणि त्या मूकपटाचं नाव आहे 'कल्याण खजिना'. कल्याण म्हणजे आपलं कल्याण. १६५७ साली शिवाजी महाराजांनी घेतलेलं, दुर्गाडीचं कल्याण. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. कोल्हापूरच्या चित्रकारानं रंगवलेलं हे चित्र आपल्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव घेऊन आलंय आणि आपल्या शाळांमधल्या मुलांनी ते बघितलेलंच नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या दहा-बारा मुलांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. शिक्षकांना दोष देत नाही. मलासुद्धा ते पन्नाशीनंतर कळलं.

ते वर्गात दाखवायचं कसं, याबद्दल एक विनंती आहे. लगेच दाखवू नका. आधी मुलांना विचारा की ही गोष्ट एका चित्रात सांगायची असेल तर कोणता क्षण काढाल? कुणी म्हणेल लढाई, कुणी म्हणेल खजिन्याच्या पेट्या, कुणी म्हणेल दरबारात ती समोर येते तेव्हा. मग पुढचा प्रश्न: महाराज कुठे, ती कुठे, दोघांमध्ये अंतर किती? कोण कोणाकडे बघतंय? बघणाऱ्यानं आधी कोणाकडे बघावं? प्रत्येकाला पेन्सिलनं तळहाताएवढा कच्चा आराखडा काढू द्या. आणि त्यानंतर बाबूरावांचं पोस्टर समोर ठेवा. ज्यानं स्वतः तो प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाय, तोच दुसऱ्याचं उत्तर नीट बघतो. ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्राला तुम्ही हेच शिकवता, मी फक्त त्याला शंभर वर्षांपूर्वीचा एक सोबती सुचवतोय.

असाच दुसरा धडा फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' वरून घेता येईल. १९१९ चा हा मूकपट बराचसा शिल्लक आहे. त्यात बाळकृष्ण झालीय फाळक्यांची लेक मंदाकिनी, तेव्हा लहानगीच होती. पाण्याखालची कालियाबरोबरची झटापट मुलांना दोन-तीन मिनिटं दाखवा, संगीताशिवाय, पंखे सोडून सगळं बंद. मग म्हणा, आता याचं पोस्टर करा, नाव सोडून एकही शब्द लिहायचा नाही.

परदेशातली दोन-तीन पोस्टरंही शेजारी लावावीत असं मला वाटतं, म्हणजे मुलांना कळेल की एकाच अडचणीतून वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाच्या खेळाचं मार्सेलँ ओझोलनं केलेलं पोस्टर बघा. पडद्यावर बागेतल्या माळ्याच्या तोंडावर पाण्याचा फवारा उडतोय, पण चित्राचा मोठा भाग व्यापलाय तो खुर्च्यांवर बसून हसणाऱ्या प्रेक्षकांनी. सिनेमा म्हणजे काय हे अजून जगाला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं सिनेमाच्या आधी हसू रंगवलं. ल्युमिएरचा खेळ ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला, तेव्हा आपल्याकडेही पहिल्यांदा असेच लोक खुर्च्यांवर बसले असतील.

दुसरं, 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचं. हाइन्झ शुल्त्स-नॉयडामचं उभट, उंच पोस्टर. तपकिरी-सोनेरी छटा, मागे आकाशात घुसणाऱ्या इमारती, आणि खाली पुढ्यात यंत्र-स्त्रीचा थंड चेहरा, ना राग ना हसू. त्या चेहऱ्यासमोर उभं राहिलं की आपण बुटके होतो. या पोस्टरच्या चारच मूळ प्रती शिल्लक असल्याचं माहीत आहे आणि त्यांतली एक २००५ साली ६ लाख ९० हजार डॉलरला विकली गेली. किंमत मी मुद्दाम सांगतोय, कारण भिंतीला खळीनं चिकटवायला केलेला तो कागद होता.

आणि रशियाचे स्टेनबर्ग बंधू. माझे सगळ्यांत आवडते. त्यांच्या देशातले छापखाने तेव्हा जुनाट होते, फोटो नीट छापला जायचा नाही. म्हणून त्यांनी फिल्मची चौकट कागदावर मोठी करून पाडणारं यंत्र स्वतः बनवलं आणि फोटोसारखं दिसणारं चित्र हातानं काढलं, वाटेल तसं तिरकं करून. १९२९ च्या एका पोस्टरवर गगनचुंबी इमारतींच्या मधोमध एक बाई पाठीमागे झोकून देतेय, पडतेय की नाचतेय कळत नाही, आपण खालून वर बघतोय, आणि अक्षरं गोल भोवऱ्यासारखी फिरतायत. चांगली साधनं नसणं ही सबब होऊ शकत नाही, हे मुलांपेक्षा मला स्वतःला त्या चित्रानं शिकवलं.

यावरून एक गैरसमज होऊ नये. अक्षरं झाका म्हणालो म्हणजे अक्षरं वाईट असं नव्हे. मूकपटांच्या पोस्टरवर अक्षर असायचंच, पण ते चित्रकारानं काढलेलं अक्षर. छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवून किंवा फॉन्ट निवडून आणलेलं नाही. त्याला जाडी, उतार, सावली चित्राच्या अंगानं दिलेली. आपल्याकडे तर देवनागरी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा लिपी एकाच कागदावर बसवायच्या कसरती झाल्या. माझं म्हणणं इतकंच की आधी चित्र उभं राहू द्या, मग अक्षराला त्यात जागा शोधू द्या. स्पर्धेच्या नियमांत 'घोषवाक्य अनिवार्य' या ओळीऐवजी 'शब्द नसले तरी चालतील' असं लिहिणं तुमच्या हातात असेल, तर कृपा करून लिहा.

हा सगळा ठेवा किती थोडा उरलाय, तेही सांगायला हवं. भारतात तेराशेहून अधिक मूकपट झाले आणि पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून उरले ते तीसच्या आसपास. त्या काळची नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, आणि त्यातली चांदी काढायला ती वितळवलीही जायची. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं, १९६४ पासून, जे वाचवता येईल ते वाचवलं, त्यातही २००३ च्या आगीत काही गेलं. पोस्टरांचं नशीब त्याहून वाईट, कारण ती जपायची असतात असं कुणाला वाटलंच नाही. एकावर एक चिकटायची, पहिल्या पावसात थर सुटायचे, बकऱ्या खळीसकट खायच्या. म्हणून बऱ्याच मूकपटांची आज आपल्याला फक्त नावं माहीत आहेत.

इंटरनेटवर शोधताना थोडी काळजी घ्या. मूकपटाचं म्हणून फिरणाऱ्या पोस्टरवर संगीतकाराचं किंवा गायिकेचं नाव दिसलं तर समजा की ते मूकपटाचं नाही. तसंच मोबाइलवर दाखवून थांबू नका. सहा इंचांच्या पडद्यावर मेट्रोपोलिसचा तो चेहरा टिकलीएवढा होतो. शाळेच्या एका फ्लेक्सला जितका खर्च येतो, तितक्यात दोन-तीन पोस्टरं चांगल्या जाड कागदावर मोठ्या आकारात छापून होतील. फ्लेक्सवर नको, त्याच्या चकाकीत रंग मरतो. बाबूरावांच्या चित्राबाबत हक्कांचीही चिंता करायला नको. ते १९५४ साली गेले आणि आपल्या कायद्यानुसार कलावंताच्या पश्चात साठ वर्षं हक्क राहतात, ती मुदत केव्हाच संपली. वर्षाची सहल ठरवताना पेडर रोडवरच्या गुलशन महालातल्या चित्रपट संग्रहालयाचाही विचार करा. वॉटरपार्कला मुलं कशीही जातातच.

माझ्या पिढीच्या ठाणेकरांनी या परंपरेची शेपूट तरी बघितली. अशोक, गणेश, आनंद या टॉकीजवर हातानं रंगवलेले बॅनर चढायचे. बॅनरवाले कापडावर खडूनं चौकटी आखायचे, हातातल्या छोट्या फोटोवरही तशाच, आणि चौकट चौकट करत चेहरा वाढवायचे. जवळून बघितलं तर गालावर हिरवा, कपाळावर जांभळा फटकारा. रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की तोच चेहरा जिवंत. मी शाळेतून येताना रस्ता दोनदा ओलांडायचो, फक्त त्यासाठी. हुसेनसारखा चित्रकार मुंबईत हेच काम करून पोट भरत होता, हे मला खूप नंतर समजलं.

आता शेवटचं आणि कामाचं. आमच्या छापखान्यात एक जुनी शिळा होती. लिथोचं काम बंद होऊन जमाना लोटला होता, तिच्यावर शाई घोटायचे. छापखान्यानं जागा बदलली तेव्हा ती टाकून देणार होते, मी मागून घेतली. साधारण फूट-दीड फुटाची आहे, कडा टवके उडालेल्या. रॉकेलनं पुसून काढल्यावर एका कोपऱ्यात कुठल्याशा जुन्या लेबलाची वेल आणि चार उलटी अक्षरं अजून पुसट दिसतात. आरसा धरला की वाचता येतात.

ती शिळा, दोन भिंगं आणि छापलेली तीन पोस्टरं घेऊन मी ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, ऐरोलीपर्यंत कुठल्याही शाळेत यायला तयार आहे. मराठी, सेमी, इंग्रजी, महापालिकेची, कुठलीही. मानधन नको. दोन तास आणि एक उजेडाची खिडकी असलेला वर्ग हवा. शनिवार सकाळ मला बरी पडते. शिळा मला एकट्याला उचलत नाही, रिक्षातून उतरवायला दोन दणकट मुलं फाटकाशी उभी करा, आणि वर्ग शक्यतो तळमजल्यावर घ्या.

आपला,
एक निवृत्त छापखानेवाला
नौपाडा, ठाणे